उष्णतेचा पत्ता

नागपूरच्या मे महिन्यात घरी बांधलेला संगणक पूर्ण ताकदीने चालवायचा तर आधी त्याच्या उष्णतेची सोय लावावी लागते. बाहेर पंचेचाळीस अंश, कूलर लावलेल्या खोलीत बत्तीस-चौतीस, आणि यंत्र रात्रभर कामाला जुंपलेलं. वास्तुविशारदांना अजून न बांधलेल्या घरांची चित्रं करून देणं हा माझा व्यवसाय. पूर्वेच्या खिडकीतला उजेड फरशीवर कुठवर येईल, भिंतीवरून किती परतेल, जिन्याखालच्या कोपऱ्यात किती उरेल, हे सगळं आकडेमोडीने काढावं लागतं. प्रकाशाचा किरण न् किरण मोजणाऱ्या या कामात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांनाही तासन् तास उसंत नसते. माझ्या यंत्रात बारा कोअरचा रायझन ९ ५९००एक्स आहे, तो जोर लावतो तेव्हा १४२ वॅटपर्यंत वीज घेतो. शेजारचं आरटीएक्स ३०८० कार्ड ३२० वॅट घेतं. दोघांचे मिळून ४६२ वॅट.

ही वीज जाते कुठे? चित्र तयार होतं खरं, पण चित्रात ऊर्जा साठून राहत नाही. संगणकाने घेतलेली वीज जवळजवळ सगळीच्या सगळी शेवटी उष्णता होते. गणित कितीही अवघड असो, त्याचं उत्तर पडद्यावर येतं आणि त्याची ऊब खोलीत येते. हे एकदा नीट कळलं की कूलिंगकडे बघण्याची नजर बदलते. आपण उष्णता संपवत नाही, तिला फक्त हलवतो. म्हणून कोणतंही कूलिंग बघताना माझा पहिला प्रश्न असतो, ती कुठून उचलली आणि कुठे नेऊन ठेवली?

माझी आधीची व्यवस्था साधी होती. प्रोसेसरवर एक वॉटरब्लॉक, म्हणजे आतून पाणी वाहणारा तांब्याचा ठोकळा, कॅबिनेटच्या छताला २४० मिलिमीटरचा रेडिएटर, त्यावर दोन पंखे, एक छोटा पंप आणि पारदर्शक पीव्हीसी नळ्या. ग्राफिक्स कार्ड मात्र स्वतःच्या तीन पंख्यांच्या भरवशावर. हिवाळ्यात हे निभून जायचं. उन्हाळ्यात कार्डाची गरम हवा कॅबिनेटच्या आतच सुटायची आणि छतावरचा रेडिएटर नेमकी तीच हवा ओढून प्रोसेसरचं पाणी थंड करायला बघायचा. कार्ड ऐंशीच्या वर, पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंत, आणि इतकं करून वेगही पडलेला, कारण तापलेली चिप आपणहून हात आखडता घेते. तेव्हा ठरवलं की कार्डही पाण्याखाली आणायचं, ३६० मिलिमीटरचा आणखी एक रेडिएटर समोर बसवायचा आणि पंप, नळ्या, पाणी सगळं नवं घालायचं.

पाणीच का, याचं उत्तर शाळेच्या पुस्तकातलं आहे. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला ४.१८ ज्यूल लागतात, हवेला साधारण एकच. पण खरा फरक दिसतो तो जागेच्या हिशोबात. पाणी हवेपेक्षा आठशेपट घन असल्यामुळे तेवढ्याच आकारमानात ते सुमारे साडेतीन हजारपट उष्णता उचलून नेतं. करंगळीएवढ्या नळीतून वाहणारं पाणी जे काम करतं ते हवेकडून करून घ्यायचं तर घोंघावणारे पंखे लागतात. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पाणी फक्त हमाल आहे. रेडिएटरशी पोचल्यावर त्याला तो भार हवेच्याच हवाली करावा लागतो, म्हणून खोलीच्या तापमानाखाली हे पाणी कधीच जात नाही. नागपुरातल्या माणसाने बर्फाळ देशातले आकडे बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही. तिथे खोली वीस अंशांची असते, आपली बत्तीसची. वरचे बारा अंश कोणत्याही कंपनीचा रेडिएटर पुसून टाकू शकत नाही.

चिपजवळची गोष्ट आणखी विलक्षण आहे. माझ्या प्रोसेसरमध्ये गणित करणारे सिलिकॉनचे दोन तुकडे आहेत, प्रत्येक जेमतेम ऐंशी चौरस मिलिमीटरचा. त्या प्रत्येकातून साठएक वॅट बाहेर पडतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पंचाहत्तरच्या आसपास. एवढी उष्णता एवढ्याशा जागेतून काढायची तर सपाट तांब्यावरून पाणी नुसतं वाहवून भागत नाही. १९८१ साली स्टॅनफर्डमधल्या टकरमन आणि पीझ या दोघांनी सिलिकॉनमध्येच अतिसूक्ष्म नाल्या कोरून त्यांतून पाणी सोडलं आणि चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट उष्णता काढता येते हे दाखवून दिलं. नाली जितकी अरुंद तितकं पाणी धातूच्या जवळ, आणि जितक्या नाल्या जास्त तितका धातूचा पृष्ठभाग मोठा. आज माझ्यासारख्या घरी काम करणाऱ्या बाईच्या टेबलावरचा वॉटरब्लॉक याच तत्त्वावर चालतो. त्याच्या तांब्याच्या तळाला अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद अशा खाचा ओळीने कापलेल्या असतात. चाळीस वर्षांपूर्वीचं प्रयोगशाळेतलं संशोधन कुरिअरच्या खोक्यातून घरी येतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

या वाटेवरून आधी मोठी यंत्रं गेली. आयबीएमच्या १९८०च्या ३०८१ या संगणकात चिपांची उष्णता पाण्यानेच वाहून नेली जात होती. १९८५च्या क्रे-२ मध्ये तर सगळे सर्किट बोर्ड फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले होते. घरगुती हौशी लोक या वाटेला लागले ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. त्यांच्यासाठी बाजारात काहीच तयार नव्हतं. त्यांनी मोटारींच्या हीटरमधले छोटे रेडिएटर काढले, मत्स्यालयाचे पंप लावले, तांब्याचे ठोकळे स्वतः कापून वॉटरब्लॉक बनवले. आज जे सुबक भाग मिळतात त्यांच्यामागे ही खटपट आहे. आपल्याकडे पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली सी-डॅकने उभारलेला परम ब्रह्म हा महासंगणकही चिपजवळ नेलेल्या द्रवानेच थंड राखला जातो. घरचं यंत्र त्याच्यापुढे किरकोळ, पण चिप, पाणी आणि हवा यांचे नियम दोघांनाही सारखेच.

काम सुरू केलं ते जुनं सोडवण्यापासून. पाणी काढलं, नळ्या ओढल्या. एकेकाळी काचेसारख्या स्वच्छ असलेल्या त्या नळ्या आतून दुधाळ झाल्या होत्या. पीव्हीसीची नळी मऊ राहावी म्हणून तिच्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेला असतो. तो कोमट पाण्यात हळूहळू सुटत जातो आणि पाण्याबरोबर फिरत फिरत जिथे वाट सर्वांत अरुंद तिथे जाऊन बसतो. वॉटरब्लॉकचे स्क्रू काढून झाकण उचललं आणि टेबललँपखाली धरलं. खाचांच्या मधोमध, जिथे पाणी वरून आदळून दोन्ही बाजूंना फाकतं, तिथे पांढरट चिकट साय धरली होती. बोटाला लागली की मेणासारखी पसरायची. कडेच्या खाचा मोकळ्या, मधल्या जवळपास बुजलेल्या, आणि पाण्याची वाट सुरू होते ती त्याच मधल्या खाचांतून. गेल्या उन्हाळ्यापासून प्रोसेसर चार-पाच अंश जास्त का दाखवत होता याचं उत्तर समोर होतं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे थेंब टाकून, मऊ टूथब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवत ती साय काढली. मग तांबं काळवंडलं होतं म्हणून पातळ लिंबूसत्वाच्या पाण्यात ते थोडा वेळ ठेवलं. बघता बघता कोऱ्या तांब्याचा गुलाबी रंग वर आला. निकेलचा मुलामा दिलेल्या ब्लॉकला असं आम्लाचं पाणी सोसत नाही. माझा उघड्या तांब्याचा, म्हणून चाललं. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने तीन-चारदा धुऊन उन्हात न ठेवता सावलीत वाळवला.

नवे भाग निवडताना डोळ्यांसमोर नागपूरचा मे होता. बघायला सर्वांत देखणी ती कडक पारदर्शक नळी, काटकोनात वळवलेली, रंगीत पाण्याने भरलेली. पण अशा पीईटीजी प्लॅस्टिकच्या नळ्यांचं पाणी ६० अंशांच्या आत ठेवा असं त्या विकणारेच सांगतात, आणि आमच्या उन्हाळ्यात पाणी सहज पंचेचाळीसच्या पुढे जातं. सगळे पंखे बंद पडले तर ते अंतर किती वेळ टिकेल? माझ्या लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरतं त्या बंद वळशात, लिटरभर पाणी आहे. लिटरभर पाणी ४६२ वॅटने तापत राहिलं आणि रेडिएटरने काहीच काढून घेतलं नाही, तर नऊ सेकंदांत एक अंश चढतो. पंचेचाळीसवरून साठला पोचायला सव्वादोन मिनिटं पुरतात. म्हणून मी काळी, अपारदर्शक, ईपीडीएम रबराची नळी घेतली. तिच्यातून पीव्हीसीसारखा प्लॅस्टिसायझर सुटून पाण्यात येत नाही, उजेड आत जात नसल्याने शेवाळाला वाव राहत नाही, आणि गरम पाण्याने ती नरम पडून फिटिंगमधून निसटत नाही. दिसायला ती मोटारीच्या बॉनेटखालच्या नळीसारखी दिसते, आणि तिचं कामही तेच आहे.

रेडिएटर घेताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, आतल्या नळ्या तांब्याच्या की अॅल्युमिनियमच्या? स्वस्तातले बरेच संच अॅल्युमिनियमचे असतात. एकाच पाण्यात तांबं आणि अॅल्युमिनियम आले की त्यांची नकळत बॅटरी तयार होते. तांब्याचं विद्युत विभव अधिक ०.३४ व्होल्ट, अॅल्युमिनियमचं उणे १.६६. एवढ्या अंतराने अॅल्युमिनियम झिजत जातं आणि त्याचा गाळ सगळ्या लूपभर पसरतो. गंजरोधक घातल्याने ही झीज लांबते, थांबत नाही. तांबं असेल तर सगळीकडे तांबं आणि पितळ, एवढा एक नियम पाळला तरी पुढची कितीतरी दुखणी टळतात.

पाण्याबद्दलही तसंच. नळाचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी त्यात क्षार असतात. कूलरच्या टाकीच्या कडांवर उन्हाळाअखेर पांढरा थर चढतो तो त्याच क्षारांचा. तो थर अर्ध्या मिलिमीटरच्या खाचेत चढायला नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला दुकानात मिळतं ते डीएम वॉटर क्षारमुक्त असतं, पण जंतुमुक्त असेलच असं नाही. म्हणून मी सीलबंद डिस्टिल्ड पाणी आणलं आणि त्यात गंज आणि शेवाळ दोन्ही रोखणारं तयार मिश्रण सांगितलेल्या प्रमाणात घातलं. रंग घातला नाही. रंगाचे कणही शेवटी कुठेतरी बसतातच.

पंप डी५ जातीचा घेतला. लाइंग या जर्मन घराण्याच्या रचनेतून आलेला हा पंप या छंदात सर्वांत जास्त भरवशाचा मानला जातो, आणि तो खोलून पाहिला की का ते कळतं. त्याचा फिरता भाग एका सिरॅमिकच्या गोळीवर तोललेला असतो. बाहेर येणारा दांडा नाही, त्यामुळे दांड्याभोवतीचं सीलही नाही, गळायची ती जागाच नाही. आणि वंगण म्हणून तेल नाही, त्यातून वाहणारं पाणीच त्याचं वंगण. म्हणूनच तो कोरडा चालवायचा नसतो. टाकी नेहमी पंपाच्या वर हवी, आणि आधी पाणी, मग वीज, हा क्रम कधी मोडायचा नाही.

जोडणी झाली की भरणं आणि तपासणं. हा भाग मला सर्वांत आवडतो, कारण इथे घाईला जागाच नसते. मदरबोर्ड आणि कार्ड यांच्या वीजजोडण्या काढून ठेवल्या. पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या कनेक्टरवर छोटा जंपर लावला, म्हणजे यंत्र बंद असतानाही पंपाला तेवढी वीज मिळते. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यूपेपरची घडी ठेवली. टाकी भरली, पंप क्षणभर चालू केला, पाणी खाली उतरलं, पंप बंद, पुन्हा भरली. नळीतून पाणी पुढे सरकताना आधी हवेचा खरखरीत आवाज येतो, मग गुळगुळ, मग एकेक बुडबुडा टाकीत येऊन फुटतो. समोरच्या रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकली होती. कॅबिनेट हळूच मागे कलंडवलं तशी ती एकदम सुटून टाकीत आली आणि पाण्याची पातळी बोटभर खाली गेली. रात्रभर पंप तसाच चालू ठेवला. सकाळी प्रत्येक घडी उचलून बोटांनी चाचपली. सगळ्या कोरड्या. पंपाचा आवाज तोवर इतका खाली आला होता की तो चालू आहे हे हात लावूनच कळत होतं.

या छंदातल्या लोकांत एक वाद कायम रंगतो, पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावं की कार्डाकडे, आणि दोघांच्या मध्ये एक रेडिएटर हवा की नको. वाद हिशोबाने मिटतो. माझ्या लूपमधून मिनिटाला तीनएक लिटर पाणी फिरतं. म्हणजे सेकंदाला ५० ग्रॅम. ४६२ वॅट उष्णता त्यात मिसळली तर एका पूर्ण फेरीत पाणी सव्वादोन अंशांच्या आत तापतं. सर्वांत थंड जागा आणि सर्वांत गरम जागा यांत फरक एवढाच. क्रम कोणताही ठेवा, पाणी सगळ्यांना जवळजवळ सारख्याच तापमानाचं मिळतं. लूपमध्ये पहिला मान आणि शेवटचा मान असा प्रकार राहत नाही. म्हणून नळ्या जिथून जवळ पडतात आणि जिथून हवा सहज वर सुटते, तो क्रम बरा.

दुसरी गोष्ट मला करून बघितल्यावरच पटली. पंख्यांचा वेग चिपच्या तापमानावर बांधू नये, पाण्याच्या तापमानावर बांधावा. चिप क्षणात वीस अंश चढते, क्षणात उतरते. एखादी फाइल उघडली तरी पंखे दचकून वर जातात. पाणी मात्र सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. टाकीत एक तापमानाचा सेन्सर बसवला आणि पंखे त्याला जोडले. आता मी काम सुरू करते तेव्हा पंख्यांना काही कळतही नाही, काही मिनिटांनी ते हळूहळू वेग घेतात आणि मग तासन् तास एकाच सुरात राहतात. दोन पंख्यांच्या जागी पाच आले, त्यामुळे प्रत्येकाला निम्म्याच वेगाने फिरून भागतं. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण पंधरा डेसिबलने खाली येतो आणि त्याला लागणारी वीज आठव्या हिश्श्यावर येते. मोठा रेडिएटर घेण्यामागचं खरं कारण हे आहे. तो यंत्राला फार थंड करतो असं नाही, तेवढंच थंड ठेवायला कमी आरडाओरड करतो.

निकाल मनासारखा आला. ऐंशीच्या वर जाणारं कार्ड भर मे महिन्यात साठीच्या आसपास राहू लागलं. प्रोसेसरही उतरला. वेग पडणं थांबलं. शेजारच्या खोलीत आवाज जाईनासा झाला.

आणि एका दुपारी आई खोलीत आली, उंबऱ्यापाशीच थांबली आणि म्हणाली, "काहून वं, कूलर बंद केला का?"

कूलर चालू होता. खोली तापली होती. आईला कॅबिनेटच्या आत काय बदललं हे माहीत नव्हतं, माहीत असायचं कारणही नव्हतं. तिला जे जाणवलं ते मात्र खरं होतं. चिप थंड झाली, कार्ड थंड झालं, आणि ४६२ वॅट आता न अडखळता, न रेंगाळता, पाच पंख्यांमधून सरळ खोलीत येत होते. पूर्वी कार्ड तापलं की स्वतःच हात आखडायचं, म्हणजे वीजही कमी घ्यायचं. नव्या व्यवस्थेत त्याला आखडायचं कारण उरलं नाही. माझं कूलिंग जितकं चांगलं झालं तितकी खोली जास्त तापली. उष्णतेचा पत्ता बदलला होता, एवढंच.

तिथून माझा हिशोब कॅबिनेटच्या बाहेर पडला. खोलीतली उष्णता कोण काढतं? खिडकीतला कूलर. तो काढतो ती पाण्याची वाफ करून. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण चोवीसशे किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. माझं यंत्र तासभर पूर्ण जोराने चाललं की साडेसोळाशे किलोज्यूल सोडतं. म्हणजे तेवढी उष्णता वाफेने घालवायची तर तासाला पाऊण लिटरच्या जवळपास पाणी लागणार. माझ्या लूपमधलं पाणी वर्षभर तेच ते फिरतं, थेंबही खर्च होत नाही, याचा मला अभिमान होता. तो खोटा नव्हता, पण अपुरा होता. लूपचं पाणी खर्च होत नाही कारण त्याच्या वाट्याचं पाणी कूलर पितो. रात्रभराच्या कामाला आठ तास धरले तर पाच-साडेपाच लिटर. आणि नागपूरचं पाणी पेंचच्या धरणांतून आणि कन्हान नदीतून येतं. २०१९ साली पाऊस लांबला तेव्हा याच शहराला एक दिवसाआड पाणी आलं होतं. उन्हाळ्यातलं पाच लिटर पाणी म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि वीज? ती येते तेव्हाच पाण्याचा एक हिस्सा खर्चून आलेली असते. शहराच्या उत्तरेला कोराडीचं औष्णिक वीजकेंद्र आहे, ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच. कोळसा जाळून वाफ, वाफेने टर्बाइन, आणि मग त्या वाफेचं पुन्हा पाणी करायला थंड पाणी. दुरून दिसतात ते कूलिंग टॉवर म्हणजे एका अवाढव्य यंत्राचे रेडिएटरच, फक्त ते माझ्यासारखे बंद लूपवर चालत नाहीत, पाण्याची वाफ करून चालतात. जुन्या केंद्रांनी एका मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये, असा नियम केंद्र सरकारने २०१५ साली केला. म्हणजे घरच्या एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत. माझं यंत्र तासाला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज खातं, तेव्हा वीज घरात पोचण्याआधीच दीड-पावणेदोन लिटर पाणी कुठेतरी उडून गेलेलं असू शकतं. या शहराने त्यावर एक शहाणपणाची वाट काढली, हेही सांगायला हवं. भांडेवाडीला शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते कोराडीला नेण्याची, रोज १३ कोटी लिटर क्षमतेची योजना उभी राहिली. आपण वापरून सोडलेलं पाणी वीज थंड करायला जातं आणि तेवढं धरणातलं पाणी पिण्यासाठी वाचतं. मला हे काम कोणत्याही चकचकीत वॉटरब्लॉकपेक्षा मोलाचं वाटतं.

हाच प्रश्न आता घराघरांच्या पलीकडे गेला आहे. नवी मुंबईत ऐरोली-रबाळेच्या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहत आहेत. आपण फोनवर विचारलेला प्रश्न, पाठवलेला व्हिडिओ, साठवलेला फोटो तिथल्यासारख्याच कुठल्यातरी चिपमधून जातो, आणि तिथेही वीज शेवटी उष्णताच होते. तिथली उष्णता कुठे नेऊन ठेवली जाते, बंद लूपमधून हवेत की वाफेतून आभाळात, त्यासाठी कुणाच्या वाट्याचं पाणी लागतं, हे विचारण्याचा अधिकार नळाला पाणी येण्याची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला आहे. घरच्या लूपमध्ये हात घातल्याशिवाय हा प्रश्न मला सुचला नसता.

मग मी या व्यवस्थेत आणखी एक सुधारणा केली, तिला पैसा लागला नाही. चिपला लागणारी वीज वेगाबरोबर वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाबरोबर वाढते. शेवटचा थोडासा वेग मिळवायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं, म्हणून तो वेग सर्वांत महाग पडतो. प्रोसेसर इको मोडवर टाकला, तसा तो १४२ वॅटवरून ८८ वर आला. कार्डाची मर्यादा ३२० वरून २५० वॅटवर आणली. एकूण ४६२ चे ३३८ झाले, चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त उष्णता तयारच झाली नाही. तासाभराच्या कामाला आता पाच-सात मिनिटं जास्त लागतात, आणि रात्रभर चालणाऱ्या कामाला त्याने काही फरक पडत नाही. पाच पंखे आता बहुतेक वेळ सर्वांत कमी वेगावर असतात. खोलीही निवली.

घरी यंत्र बांधणाऱ्यांना, विशेषतः विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातल्या उन्हात बांधणाऱ्यांना, माझं सांगणं एवढंच आहे. वॉटर कूलिंग जरूर करा, त्यासारखा शिकवणारा छंद नाही. तांबं आणि अॅल्युमिनियम एका पाण्यात घालू नका, नळ्या ईपीडीएमच्या घ्या, वर्षातून एकदा ब्लॉक उघडून खाचा बघा, पंखे पाण्याच्या तापमानावर बांधा. पण रेडिएटरची ऑर्डर देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन वीज कमी करून बघा आणि महिनाभर तसंच काम करा. जी उष्णता तयारच झाली नाही, तिला ना रेडिएटर लागतो, ना कूलरचं पाणी, ना कोराडीचा कोळसा. त्यानंतर जी उरेल, तिच्यासाठी लूप बांधा.